रानपिंगळ्याचे ११३ हिवाळे

डिसेंबर उजाडला की ऑफिसातलं कुणी ना कुणी हटकून विचारतं, "तू अचलपूरकडचा ना? मेळघाटात जातोय या वीकेंडला, कॅमेऱ्याची सेटिंग्ज सांग की." सेटिंग्ज दोन मिनिटांत सांगून होतात. पण ती तशी का ठेवायची, हे सांगायला एका पक्ष्याची गोष्ट सांगावी लागते, आणि ती चहाच्या मशीनपाशी उभ्या उभ्या होत नाही. म्हणून आज निवांत लिहितोय.

पक्ष्याचं नाव रानपिंगळा. उंची जेमतेम २३ सेंटिमीटर, म्हणजे शाळेतल्या मोठ्या पट्टीपेक्षाही कमी. १८८४ साली खानदेशात याचा शेवटचा खात्रीचा नमुना मिळाला. त्यानंतर हा थेट नोव्हेंबर १९९७ मध्ये दिसला. मधली ११३ वर्षं हा पक्षी कागदोपत्री जवळजवळ संपल्यात जमा होता. गंमत (की शोकांतिका?) अशी, की हे प्रकरण बिघडलं आणि सुधारलं ते रंग, कॉन्ट्रास्ट आणि फोकस यांच्यावरूनच. तीच तीन बटणं, जी आपण रविवारी सकाळी परतवाड्याच्या पुढे गाडी थांबवून फिरवत बसतो.

सगळं हिवाळ्यातच का?

अचलपूरचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. शहराच्या कडेने वाहणाऱ्या सापन आणि बिच्छन नद्या, शेजारी जुन्या छावणीचं परतवाडा, दक्षिणेला पूर्णा खोऱ्याची काळी माती आणि उत्तरेला सातपुड्याची गाविलगडची रांग. ती चढून गेलं की मेळघाट. एके काळी हे अचलपूर वऱ्हाडच्या इमादशाहीची राजधानी होतं, म्हणजे गाव आज दिसतं त्यापेक्षा बरंच मोठं होतं. असो.

या भागात बाहेरून जे जे कुणी आले, ते बहुतेक हिवाळ्यात आले. १८०३ साली आर्थर वेलस्लीची फौज आडगावची लढाई जिंकून अचलपुरावरून गाविलगडावर चालून गेली आणि १५ डिसेंबरला किल्ला पडला. (हाच वेलस्ली पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला.) पुढच्या काळातले इंग्रज अधिकारीही दौऱ्यावर निघायचे ते थंडीत. पावसाळ्यात रस्ते नसत, उन्हाळ्यात जीव नकोसा होई. मग दिवाळीनंतर तंबू, घोडे, खानसामे असा लवाजमा निघे. त्या दौऱ्यात महसूल, खटले आणि शिकार उरकली जाई, आणि ज्यांना नाद होता ते पक्षी मारून त्यांची कातडी पेंढा भरून ठेवत. आपल्या जंगलांची पहिली लेखी माहिती अशी बरीचशी थंडीच्या दिवसांतली आहे.

आपल्यासारख्या कॅमेरावाल्यांना हिवाळा आवडतो त्याचं कारण मात्र वेगळं. अचलपूर साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. २२ डिसेंबरच्या भर दुपारी तिथे सूर्य क्षितिजापासून फक्त ४५ अंश वर असतो. जूनमध्ये तो जवळजवळ डोक्यावर येतो. म्हणजे हिवाळ्यात दिवसभर ऊन तिरपं. तिरप्या उन्हात पिसाची घडी, सालीची भेग, गवताचं कुसळ, प्रत्येकाची आपापली सावली पडते आणि वस्तूला पोत येतो. उन्हाळ्याच्या दुपारी तीच वस्तू चपटी दिसते. त्यात डिसेंबर-जानेवारीपासून साग पानं टाकू लागतो. जे पावसाळ्यात हिरव्या भिंतीआड असतं, ते फांदीवर उघडं पडतं.

आणि ते फांदीवर उघडं पडणारं म्हणजे कधी कधी रानपिंगळा. हा घुबडांच्या कुळातला असूनही दिवसा हिंडतो. सकाळच्या उन्हात बसून सरडे-सापसुरळ्या टिपणं हा त्याचा धंदा.

१८७२-७३ : एक पक्षी, एक रसायन

डिसेंबर १८७२. आजच्या छत्तीसगडातल्या फुलझर भागात एफ. आर. ब्लूइट नावाच्या अधिकाऱ्याने एक छोटं घुबड टिपलं. ते कातडं गेलं ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांच्याकडे. हो, तेच ह्यूम, ज्यांचं नाव आपण इतिहासाच्या पुस्तकात १८८५ च्या काँग्रेस स्थापनेत वाचतो. पक्षिशास्त्र हा त्यांचा खरा ध्यास. त्यांनी १८७३ मध्ये आपल्या 'स्ट्रे फेदर्स' या नियतकालिकात या पक्ष्याचं वर्णन छापलं आणि ब्लूइटचं नाव त्याला दिलं : ब्लूइटी.

फोटो मात्र नाही. फोटोग्राफीचा शोध जाहीर होऊन तेव्हा ३४ वर्षं झाली होती, तरीही. का नाही, हे समजून घेण्यासारखं आहे. त्या काळातली काचेची प्लेट फक्त निळा-जांभळा प्रकाश ओळखायची. लाल, पिवळा, तपकिरी हे तिच्या दृष्टीने अंधारच. आता आपला पिंगळा घ्या : पाठ गडद करडी-तपकिरी, डोळे पिवळे. त्या प्लेटवर याचा फोटो काढला असता तर पिवळे डोळे काळे आले असते आणि तपकिरी अंग काळ्या गोळ्यासारखं दिसलं असतं. शिवाय एक्स्पोजर काही सेकंदांचं. तेवढा वेळ स्वस्थ बसायचं तर पक्षी मेलेलाच हवा!

योगायोग बघा, त्याच १८७३ साली जर्मनीत हेर्मान फोगेल या रसायनशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं, की प्लेटमध्ये ठरावीक रंगद्रव्य मिसळलं तर ती हिरवा-पिवळा प्रकाशही ओळखू लागते. सगळे रंग ओळखणाऱ्या पॅनक्रोमॅटिक प्लेटा बाजारात यायला १९०६ उजाडलं. घरोघरी पोचेल अशी रंगीत फिल्म, कोडाक्रोम, आली १९३५-३६ मध्ये. तोवर आपला पिंगळा हरवून अर्धं शतक झालं होतं.

थोडक्यात, या पक्ष्याचा पुरावा म्हणजे पेंढा भरलेलं कातडं आणि त्याच्या पायाला बांधलेली चिठ्ठी. चिठ्ठीवर तारीख, ठिकाण, गोळा करणाऱ्याचं नाव. आजच्या भाषेत कातडं ही इमेज फाइल आणि चिठ्ठी हा मेटाडेटा. हे लक्षात ठेवा, पुढची सगळी भानगड त्या चिठ्ठीचीच आहे.

खोटी चिठ्ठी

ब्लूइटनंतर १८७७ मध्ये व्हॅलेंटाइन बॉल या भूगर्भशास्त्रज्ञाला आजच्या ओडिशातल्या खरियारकडे एक नमुना मिळाला. मग खानदेशात जेम्स डेव्हिडसन नावाच्या मुलकी अधिकाऱ्याने आणखी काही गोळा केले, शेवटचा १८८४ मध्ये. एकूण जमेला सात कातडी. त्यानंतर शांतता.

फक्त एक अपवाद. कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन या बड्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहात एक रानपिंगळा होता आणि त्याच्या चिठ्ठीवर होतं : मांडवी, गुजरात, १९१४. कर्नलसाहेब म्हणजे मोठं प्रस्थ. त्यांनी हजारो कातडी ब्रिटिश म्युझियमला दिली होती. त्यांच्या शब्दावर शंका कोण घेणार? साहजिकच पुढच्या लोकांनी हा पक्षी १९१४ पर्यंत गुजरातेत होता असं धरून तिकडेही शोध घेतला. डॉ. सलीम अली आणि अमेरिकेचे एस. डिलन रिप्ले यांच्यासारख्या दिग्गजांनी शोधला, पण सापडला नाही. मधल्या काळात 'हा पाहा रानपिंगळा' म्हणून आलेल्या नोंदी आणि फोटो तपासाअंती साध्या ठिपकेवाल्या पिंगळ्याचे निघाले.

१९९० च्या दशकात पामेला रासमुसेन ही अमेरिकन संशोधक दक्षिण आशियातल्या पक्ष्यांच्या पुस्तकासाठी जुने नमुने तपासत होती. कर्नलच्या नमुन्यांत तिला मेळ लागेना. आपण कसं म्हणतो, की कोड बरोबर आहे, लॉजिक बरोबर आहे, तरी आउटपुट चुकतंय, म्हणजे इनपुट डेटा बघा. तिने तेच केलं. नायजेल कॉलर यांच्याबरोबर तिने त्या पिंगळ्याची बारकाईने तपासणी केली, क्ष-किरण प्रतिमाही काढल्या. प्रत्येक संग्राहकाची कातडं भरायची, शिवायची आपली एक हातोटी असते, प्रत्येकाचा कोड लिहिण्याचा ढंग असतो तशी. वरून पुन्हा भरलेल्या त्या नमुन्याच्या आत डेव्हिडसनची हातोटी सापडली! म्हणजे कर्नलने म्युझियममधला डेव्हिडसनचाच जुना नमुना लांबवला, उसवून पुन्हा भरला आणि त्याला स्वतःची खोटी चिठ्ठी बांधली. मांडवी खोटी, १९१४ खोटं.

तो एक खोटा रेकॉर्ड काढून टाकल्यावर नकाशा स्वच्छ झाला. उरली ती जुनी, खरी ठिकाणं. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट हे तिघे नोव्हेंबर १९९७ मध्ये भारतात आले आणि ती ठिकाणं पालथी घालत निघाले. २५ नोव्हेंबरला सकाळी शहाद्याजवळ, आजच्या नंदुरबार जिल्ह्यात, उजेडात बसलेला रानपिंगळा त्यांना दिसला. डेव्हिडसनच्या खानदेशातच. त्यांनी त्याचं चित्रीकरण केलं, फोटो काढले. त्यानंतर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या फरहा इश्तियाक आणि असद रहमानी यांनी सर्वेक्षणं केली, तेव्हा तोरणमाळ, मध्य प्रदेशातलं खकनार आणि आपलं मेळघाट इथेही तो निघाला. मेळघाट तर आज त्याच्या सर्वांत महत्त्वाच्या घरांपैकी एक मानलं जातं.

म्हणजे राजेहो, अचलपूरच्या उत्तरेला डोंगरावर हा पक्षी बसलेलाच होता! १९७४ मध्ये मेळघाट व्याघ्र प्रकल्प झाला तेव्हाही होता. वनखात्याच्या गाड्या, लाकडाच्या बैलगाड्या, चिखलदऱ्याचे हौशी पर्यटक, सगळे त्याच्या झाडांखालून गेले असतील. कुणी पाहिलाही असेल, पण 'पिंगळाच तर आहे' म्हणून पुढे गेला असेल. पिंगळा आपल्याला नवा नाही. पहाटेच्या अंधारात कंदील घेऊन कुडमुडं वाजवत दारोदार भविष्य सांगत फिरणाऱ्या जोश्यालासुद्धा आपण पिंगळाच म्हणतो, कारण त्याला त्या पक्ष्याची भाषा कळते असा समज. पण कुठला पिंगळा, हे विचारणारं कुणी नव्हतं.

आता मुद्द्याकडे येऊ. कुठला पिंगळा हे फोटोवरून ठरवायचं, तर फोटोत काय काय असायला हवं?

रंग

ठिपकेवाला पिंगळा गावाजवळ, चिंचेच्या ढोलीत, शेताच्या बांधावर सगळीकडे असतो. त्याच्या डोक्यावर आणि पाठीवर पांढरे ठिपके भरपूर. रानपिंगळ्याचं डोकं आणि पाठ गडद करडी-तपकिरी, ठिपके अगदी थोडे आणि पुसट. मेळघाटात तिसराही एक भाऊबंद आहे, जंगली पिंगळा. त्याच्या डोक्यापासून अंगभर बारीक आडव्या पट्ट्या असतात.

फरक करड्या आणि तपकिरीतला आहे, म्हणून रंग जपावा लागतो. हिवाळ्यात सकाळी साडेसातचं ऊन एवढं पिवळं असतं की करडा पक्षीही मातकट दिसतो, आणि सावलीतला तोच पक्षी निळसर. कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स आपल्या मनाने दोन्ही 'सुधारतो'. यावर साधा उपाय म्हणजे रॉमध्ये फोटो घ्या. मग घरी आल्यावर रंगाचा समतोल निवांतपणे लावता येतो, आणि कॅमेऱ्याने काय पाहिलं होतं त्याची मूळ प्रतही हाती राहते.

फिल्मच्या काळात ही सोय नव्हती. १९९० मध्ये आलेली फुजीची वेल्व्हिया ही स्लाइड फिल्म निसर्ग फोटोग्राफरांची लाडकी. हिरवा, लाल असे उठून यायचे की बघत राहावं. पण तिची संवेदनशीलता फक्त ५० आयएसओ. पूर्ण उन्हात एफ/५.६ ला एका सेकंदाचा चारशेवा भाग मिळेल, पण सागाच्या सावलीत तोच तिसाव्या-पन्नासाव्या भागावर यायचा. लांब लेन्सवर एवढ्या वेळात हात हलणारच. शिवाय ती रंग खुलवून दाखवायची. कॅलेंडरला झकास, ओळख पटवायला जरा अवघड. आज एडिटिंगमध्ये सॅच्युरेशनची पट्टी उजवीकडे ओढणारे आपण सगळे तेच करतो, फक्त फुकटात :-)

रंग खुलवायचाच असेल तर त्यासाठी हिवाळ्यातलं अचलपूर आहे की! परतवाडा, चांदूर बाजार, मोर्शी, वरुड हा सगळा संत्र्याचा पट्टा. बागेतला नारिंगी आणि मागे सकाळच्या धुक्यात निळी पडलेली गाविलगडची रांग. रंगचक्रात निळा आणि नारिंगी समोरासमोर येतात, म्हणून एकमेकांना उठाव देतात. तिथे एडिटिंग करावंच लागत नाही. जंगलात मात्र हिवाळ्याचे रंग उतरलेले असतात, आणि ते तसेच उतरलेले दाखवणं हाच खरेपणा.

आणखी एक. डिजिटल सेन्सरवर निम्मे पिक्सेल हिरव्यासाठी असतात, लाल आणि निळ्याला प्रत्येकी पाव. कोडॅकच्या ब्राइस बेयरने १९७६ मध्ये पेटंट घेतलेली ही रचना आजही बहुतेक कॅमेऱ्यांत आहे. आपल्या डोळ्याला बारकावे सर्वांत जास्त हिरव्या भागात दिसतात, म्हणून. सुकलेल्या सागाच्या जंगलात हिरवं फारसं नसलं तरी उजेडाचा बारकावा याच पिक्सेलांवर टिपला जातो.

कॉन्ट्रास्ट

रानपिंगळ्याची दुसरी खूण पोटाकडे. छातीचा वरचा भाग जवळजवळ सलग तपकिरी, कुशीला पट्टे आणि खाली मध्यभागी स्वच्छ पांढरं, त्यावर खूण नाही. पंख आणि शेपटीवर ठळक गडद-पांढरे पट्टे. म्हणजे पांढरं आणि गडद एकाच वीतभर पक्ष्यावर, आणि दोन्हींत तपशील हवा.

इथे कॅमेऱ्याचा मीटर गोंधळतो, कारण त्याला सगळं जग सरासरी मध्यम करडं वाटतं. मागे सागाचं काळपट खोड असेल तर तो म्हणतो, फार अंधार आहे, उजळवू या. मग पोट जळून नुसता पांढरा डाग उरतो. मागे फिकट आकाश असेल तर उलटं, पक्ष्याची काळी सावली. म्हणून गडद पार्श्वभूमीवर एक्स्पोजर अर्धा-पाऊण स्टॉप कमी करायचं, आकाशावर एक-दीड स्टॉप वाढवायचं आणि हिस्टोग्रामचं उजवं टोक कापलं जात नाही ना ते बघायचं. डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, उन्हात त्या छोट्या स्क्रीनवर सगळंच छान दिसतं.

हिवाळ्यातलं तिरपं ऊन इथे मदतीला येतं, पण एका हद्दीपर्यंत. सकाळी नऊपर्यंत सावल्या मऊ असतात. अकरानंतर निष्पर्ण फांद्यांच्या सावल्या पक्ष्याच्या अंगावर पडतात, आणि त्या सावल्यांचे पट्टे आणि पिसांवरचे पट्टे यांची सरमिसळ होते. ज्या पट्ट्यांवरून पक्षी ओळखायचा तेच खोटे! घरी येऊन कॉन्ट्रास्ट आणखी चढवला की डोक्यावरचे पुसट ठिपके एक तर नाहीसे होतात किंवा ठळक होतात. म्हणजे एका स्लायडरवर ठिपकेवाल्याचा रानपिंगळा होऊ शकतो. कर्नलसाहेबांना एवढ्यासाठी सुईदोरा घ्यावा लागला होता.

नुसत्या कॉन्ट्रास्टची हौस भागवायला मेळघाटात कुलूचं झाड शोधा. काही ठिकाणी त्याला भुताचं झाडही म्हणतात. पानं झडलेल्या तपकिरी उतारावर त्याचं पांढुरकं, गुळगुळीत खोड असं उभं असतं की कृष्णधवल फोटोसाठीच लावलंय की काय!

फोकस

सर्वांत महत्त्वाचं ठिकाण म्हणजे डोकं. डोळे तर शार्प हवेतच, पण कपाळ आणि टाळूवरचे ठिपके मोजता आले पाहिजेत. आता हिशोब करू. ४०० मिलिमीटरची लेन्स, एफ/५.६, नेहमीचा एपीएस-सी सेन्सर. पक्षी २० मीटरवर असेल तर साधारण अर्धा मीटर खोलीत सगळं शार्प येतं, चिंता नाही. १० मीटरवर आला की हीच खोली जेमतेम १४ सेंटिमीटर. समोर वीतभर पुढे आलेली काटकी फोकस पळवते, आणि मागे धूसर पिंगळा.

काटकीच का? कारण ऑटोफोकसला पक्षी कळत नसे, त्याला कडा कळत. कॉन्ट्रास्टवर चालणाऱ्या पद्धतीत कॅमेरा लेन्स थोडी हलवतो, चित्राची तीव्रता मोजतो, वाढली तर तसाच पुढे जातो, कमी झाली की मागे फिरतो. आपलं कॉलेजातलं हिल-क्लाइंबिंग, दुसरं काही नाही. त्यामुळे त्याचा दोषही तोच : जवळचं शिखर दिसलं की तिथेच अडकायचं. उन्हात चमकणारी काटकी हे मोठं शिखर, सावलीतला करडा पिंगळा ही छोटी टेकडी. १९८५ च्या मिनोल्टा ७००० पासून एसएलआर कॅमेऱ्यांत रुळलेली फेज पद्धत वेगवान होती, पण तिलाही पकडायला काहीतरी कॉन्ट्रास्ट लागतोच. आजचे मिररलेस कॅमेरे पक्ष्याचा डोळा ओळखून त्यालाच धरतात. तरी निष्पर्ण झाडाची गाठ हा त्यांना कधी कधी डोळा वाटतो. म्हणून मधला एकच फोकस बिंदू, तो पक्ष्याच्या चेहऱ्यावर, आणि गरज पडल्यास हाताने फोकस.

एवढं जमलं तर चार फोटो घ्या : समोरून छाती-पोट, बाजूने शेपटीचे पट्टे, डोकं जवळून, आणि एक लांबून, ज्यात झाड आणि परिसर दिसेल. चौथा फोटो फेसबुकवर कुणी लाइक करत नाही. पण पक्षी कुठल्या प्रकारच्या झाडावर, कशा जागी होता हे त्यातूनच कळतं.

हिवाळ्याची दुसरी बाजू

इथे एक अडचण आहे आणि ती सेटिंग्जने सुटणारी नाही. रानपिंगळ्याचा प्रणयकाळ ऐन जानेवारी-फेब्रुवारीत असतो. म्हणजे झाडं उघडी, ऊन तिरपं, हवा सुखाची आणि आपल्या सुट्ट्या शिल्लक, नेमक्या त्याच दिवसांत तो जोडी जमवत असतो, ढोली शोधत असतो. आणि या पक्ष्याचा एक स्वभाव आहे : दुसऱ्या रानपिंगळ्याचा आवाज ऐकला की लगेच उत्तर देतो, जवळ येतो. संशोधकांनी सर्वेक्षणात याचा मोजूनमापून उपयोग केला. पण मोबाइलवर आवाज डाउनलोड करून, स्पीकर लावून तोच प्रयोग दर रविवारी दहा गाड्यांनी केला, तर त्या पक्ष्याला दिवसभर कुणीतरी आपल्या हद्दीत घुसलंय असंच वाटत राहणार. शिकार सोडून, जोडीदार सोडून तो भांडायला येणार आणि समोर कुणीच नसणार. फोटो झकास येईल, डोळे वटारलेले, अंग फुगवलेलं. ते रूप कशामुळे आहे हे फोटोत दिसत नाही, एवढंच.

मी आवाज लावत नाही. लावणाऱ्यांशी वादही घालून झालेत. त्यांचं म्हणणं, "एकदाच लावला तर काय होतं?" एकदाने काही होत नसेलही. पण त्या फांदीखाली येणारा प्रत्येक जण एकदाच लावतो.

दुसरा प्रश्न चिठ्ठीचा. आज आपल्या प्रत्येक फोटोला चिठ्ठी असते : तारीख, वेळ, लेन्स आणि बऱ्याचदा जीपीएस. कर्नलच्या खोट्या चिठ्ठीने लोकांना भलत्या ठिकाणी शोधायला लावलं. म्हणून तारीख आणि ठिकाण खरंच हवं, आणि एडिटिंग केलं असेल तर मूळ रॉ फाइल जपून ठेवायला हवी. पण ढोलीचं अचूक ठिकाण सगळ्या जगाला वाटलं, तर पुढच्या रविवारी तिथे स्पीकरवाले हजर. मग करायचं काय? माझा नियम असा : वनखात्याला आणि अभ्यासकांना अचूक ठिकाण, बाकीच्यांना फक्त 'मेळघाट'. कमी सांगायला हरकत नाही, चुकीचं मात्र सांगायचं नाही. लोकांना चुकवायला म्हणून कुणी कुणी मुद्दाम भलतंच गाव टाकतात. हेतू चांगला असेल, पण तीस वर्षांनी कुणी ती नोंद खरी धरेल तेव्हा हेतू सांगायला तुम्ही तिथे नसाल.

कुणाला वाटेल, आता सापडलाय ना पक्षी, मग एवढं कशाला? तर ऑक्टोबर २०१४ मध्ये हाच रानपिंगळा ठाणे जिल्ह्यातल्या तानसा अभयारण्यात निघाला. मुंबईपासून साधारण १०० किलोमीटरवर, जिथे तो असल्याची नोंदच नव्हती! अशा नव्या ठिकाणांमुळे आणि मोजणीमुळेच २०१८ मध्ये त्याला 'अतिसंकटग्रस्त' यादीतून एक पायरी खाली, 'संकटग्रस्त'मध्ये आणलं गेलं. संकट टळलेलं नाही, फक्त अंदाज सुधारला. तो पुन्हा सुधारायचा तर आणखी नोंदी लागतील, आणि त्या पगारी संशोधकांइतक्याच शनिवार-रविवारी कॅमेरा घेऊन निघणाऱ्यांकडून येतील.

तेव्हा या हिवाळ्यात परतवाड्यावरून सेमाडोह-हरिसालच्या रस्त्याने जाल, तर वाघासाठी मान वळवून दुखवून घेण्याआधी उघड्या सागाच्या फांद्याही बघत चला. सकाळच्या उन्हात एखादा पिंगळा शेपटी डावी-उजवीकडे झटकताना दिसला तर गाडी लांबच थांबवा, खाली उतरू नका, आवाज करू नका. रॉ, एक्स्पोजर जरा कमी, फोकस डोक्यावर. आणि पहिला फोटो मोठा करून बघा, टाळूवर ठिपके किती आहेत.